धुक्याखालचा श्वास

लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस उंचीला घाबरतो असं कोणी सांगितलं असतं, तर तो स्वतःच सगळ्यात आधी हसला असता. उंच इमारतींच्या पोटातून वरखाली करण्यातच त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. लिफ्टच्या टपावर उभं राहायचं, दातांत बॅटरी धरायची, एका हाताने पोलादी दोर चाचपायचे, दुसऱ्याने दरवाज्याचा अडकलेला रोलर सोडवायचा. पायाखाली वीस-वीस मजल्यांचा काळोख, आणि हा वर आरामात शीळ वाजवतोय. लिफ्टच्या उभ्या बोगद्याच्या, शाफ्टच्या भिंतीला असा काही चिकटायचा की कंपनीतल्या पोरांनी त्याचं नाव ठेवलं होतं घोरपड. नाव इतकं बसलं की पगाराच्या दिवशी साहेबसुद्धा हाक मारायचे, "घोरपड, सही करून जा."

त्याची बायको कान तपासायच्या दवाखान्यात कामाला होती. काचेची खिडकी असलेल्या बंद खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे आणि बारीक बारीक आवाज सोडायचे; ऐकू आला की समोरच्याने बटण दाबायचं. "दिवसभर लोकांना विचारते, ऐकू येतंय का," ती म्हणायची, "आणि घरी आल्यावर नवऱ्याला विचारते, ऐकतोयस का. तिकडे निदान बटण तरी दाबतात."

थोरली मुलगी नुकतीच शाळेत जायला लागली होती. तिच्या तोंडाला दिवसभर विश्रांती नसे, म्हणून घरात ती टकळी. धाकटं अजून वर्षाचंही नव्हतं. कुठेही ठेवलं की जिथल्या तिथे गोल बसून राहायचं, म्हणून ते गठुडं. खरी नावं होती दोघांनाही, पण ती दवाखान्याच्या कागदावर.

डोंगराची हौस बायकोची. लहानपणी ती वडिलांच्या मागे मागे डोंगर हिंडली होती, आणि लग्नानंतर, मग मुलांनंतर, ते सगळं राहून गेलं होतं. यंदा चार दिवस रजा मिळाली तशी तिने सरळ एका बंदराच्या गावात खोली ठरवून टाकली. बोटींच्या इंजिनांचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानाच्या वर ती खोली होती. छत एका बाजूला इतकं उतरतं की पलंगावरून उठताना घोरपडीचं डोकं रोज एकदा तरी आपटायचं. खिडकीतून डोलकाठ्या दिसायच्या आणि त्यांच्यामागे डोंगर, थेट गावाच्या पाठीवर उभा.

घरमालकीण मावशी दुकानाच्या पायरीवर बसून गंजके नट रॉकेलच्या डब्यात बुडवत होत्या. त्यांनीच वाट सांगितली. "डोंगराच्या खांद्यावर चढा. तिथून पुढे वाट समुद्राच्या अंगाने जाते, पार टोकापर्यंत. मध्ये एक कपार लागेल, कड्याच्या कमरेला कोरलेली. साखळी लावलेली आहे, काळजी नको. माझी नातवंडं नाचत जातात तिथून."

"याला काय काळजी?" बायको नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "हा लटकण्याचाच पगार घेतो."

घोरपड मान डोलावून हसला. खोटं नव्हतंच ते.

सकाळी उन्हं अंगावर यायच्या आत ते निघाले. गठुडं बाबाच्या पाठीवरच्या झोळीत, पाव, उकडलेली अंडी आणि सफरचंदं आईच्या पिशवीत, आणि टकळी सगळ्यांच्या पुढे, हातात एक काठी घेऊन, जणू ही फौज तिचीच आहे. सुरुवातीची वाट बुटक्या झुडपांतून होती. झुडपांची पानं जाड आणि खरखरीत, हात लागला की बोटांना औषधासारखा वास. पाऊण डोंगर चढेपर्यंत टकळीने खडक कशाचे बनतात, गोगलगाईला कान असतात का, आणि डोंगराला टोक कोणी केलं, असे सगळे प्रश्न विचारून संपवले. बाबाला धाप लागलेली, त्यामुळे उत्तरं आईच्या वाट्याला आली.

मग झुडपं संपली आणि गवताचा उतार लागला. तिथे टकळी वळली, आणि वळलेली तशीच उभी राहिली.

"बाबा, समुद्र आपल्या मागोमाग वर येतोय."

तो वळला. खरंच की. गाव खाली राहिलं होतं, बंदर खाली राहिलं होतं, बोटी एव्हाना शेंगदाण्याएवढ्या झाल्या होत्या. समुद्र मात्र खाली राहायला तयार नव्हता. ते जितकं चढले तितकाच तोही चढला होता, आणि आता त्याची कड बरोब्बर त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला येऊन थांबली होती. एखादी प्रचंड निळी भिंत कुणीतरी उभी करावी तसा. त्या भिंतीवर एक जहाज अर्ध्यात चिकटलेलं दिसत होतं. ते पडत का नाही, हेच नवल.

"असं का होतं?" टकळीने विचारलं.

आईला बहुतेक माहीत असावं. ती पाहत होती. तिचे केस वाऱ्याने तोंडावर येत होते आणि ती ते बाजूला करायचंही विसरली होती. घोरपडीच्या मनात आलं, हिला आपण इतकी वर्षं कुठल्या कुठल्या खोल्यांत कोंडून ठेवलं.

खांद्यावरून वाट वळली आणि कपार समोर आली.

डोंगराची ती बाजू सरळ उभी तुटलेली होती, आणि तुटलेल्या कड्याच्या मधोमध कुणीतरी वाट खोदून काढली होती. दोन माणसं अंग चोरून एकमेकांना ओलांडतील एवढी. आतल्या अंगाला खडकात ठोकलेल्या कड्यांतून साखळी ओवलेली. बाहेरच्या अंगाला काहीच नाही. काही म्हणजे काहीच नाही. बायको टकळीचा हात धरून पुढे झाली. एक हात साखळीवर, पावलं मोकळी, बाजारात चालावी तशी. मागोमाग तोही निघाला.

अर्ध्याहून जास्त अंतर गेला असेल. पाठीवरचं गठुडं एकदम बाहेरच्या बाजूला झुकून खिदळलं. ते कशाला हसलं म्हणून त्याने मान वळवली.

खाली एक पक्षी उडत होता. पंख पसरून, अगदी सावकाश. त्याला पक्ष्याची पाठ दिसली. उभ्या आयुष्यात त्याने पक्ष्यांची पोटंच पाहिली होती. उडणाऱ्या पक्ष्याची पाठ वरून दिसते हे त्याला ठाऊकच नव्हतं. आणि त्या पाठीच्याही खाली, कितीतरी खाली, खडकांभोवती पांढरी रेघ हलत होती. लाट फुटलेली दिसायची, मग मध्ये नुसतीच शांतता, आणि मग कधीतरी आवाज वर यायचा.

घोरपडीच्या गुडघ्यांतलं सगळं बळ कुणीतरी बूच काढून सोडून द्यावं तसं निघून गेलं. त्याने दोन्ही हातांनी साखळी धरली, छाती खडकाला लावली आणि डोळे मिटले. घोरपड आज खऱ्या अर्थाने भिंतीला चिकटली होती. फरक एवढाच की आता ती सुटायला तयार नव्हती.

"काय रे?" पुढून बायकोचा आवाज आला. "थांबलास का?"

"काही नाही."

"मग ये ना."

"येतो."

पण तो काही हलला नाही. बायको टकळीला घेऊन परत मागे आली. तिने त्याचा चेहरा पाहिला आणि ओठांवर आलेली थट्टा तिथेच गिळून टाकली. तिने हळूच म्हटलं, "गठुडं दे माझ्याकडे."

"पट्टा सोडायला हात सोडावा लागेल," तो म्हणाला. "तो सुटत नाहीये."

टकळी आईच्या काखेखालून डोकावून बघत होती. "बाबा, तू घाबरलास?"

नाही म्हणायचं त्याच्या अगदी जिभेवर होतं. पण खोटं बोलायलाही थोडं बळ लागतं, तेवढंही उरलं नव्हतं. "हो गं."

"किती? मी इंजेक्शनला घाबरते तेवढा?"

"त्याहून जास्त."

"बाप रे," टकळी म्हणाली, आणि प्रथमच तिच्या आवाजात बाबाबद्दल खरीखुरी काळजी होती.

"रोज उंचीवरच असतो गं मी," तो खडकाशीच पुटपुटला. "रोज." त्याला रडू यायचं तेवढं बाकी होतं. पाठीवर गठुडं आपलं आनंदात पाय झाडत होतं, आणि त्याच्या प्रत्येक लाथेसरशी बापाच्या काळजाचं पाणी पाणी होत होतं.

बायकोने त्याच्या पाठीवर तळवा ठेवला. "आपण परत फिरू. काही बिघडत नाही. हळूहळू मागे—"

तिचं वाक्य अर्धंच राहिलं. गार वाऱ्याची एक झुळूक खालून वर आली, आणि तिच्या मागोमाग धुकं.

धुकं समुद्रावरून आलं ते कड्याला येऊन आपटलं आणि तापलेलं दूध पातेल्यात वर चढावं तसं भराभर वर चढत आलं. आधी ती पांढरी रेघ गेली, मग पक्षी गेला, मग पायाखालची वाट. डोळ्यांची उघडझाप करावी तेवढ्यात सगळं पुसलं गेलं. अंगावर, पापण्यांवर बारीक ओल बसली. हाताच्या अंतरावरची बायको नुसती करडी आकृती झाली.

"टकळी, हलू नकोस!" त्या आकृतीचा आवाज चिरकला. "माझा हात घट्ट धर. अरे, मला कडा दिसत नाहीये. वाट कुठे संपते तेच दिसत नाहीये."

हा आवाज त्याने फार क्वचित ऐकला होता. आणि नवल असं की तो ऐकता ऐकता त्याच्या लक्षात आलं, आपले गुडघे थरथरायचे थांबले आहेत.

त्याने डोळे उघडले. चारी बाजूंना करडं, वर करडं, खाली करडं. हाताला गार लोखंड. पायाखाली कडक दगड. ही जागा त्याच्या ओळखीची होती. ही त्याची रोजची जागा होती.

त्याने साखळीवरचा एक हात सोडला. सुटला. तोच हात मागे नेऊन त्याने गठुड्याचा पाय चाचपला, ऊबदार होता. मग तो पाऊल घासत, बायकोला आणि टकळीला आतल्या अंगाला ठेवून, त्यांच्यावरून साखळी धरून पुढे सरकला. हे सगळं झाल्यावर त्याला कळलं की आपण हे केलं.

"ऐक," तो म्हणाला. "आता मी पुढे. टकळी मध्ये, तू मागे. साखळी सोडायची नाही. एक हात सरकला, की मगच दुसरा. पाऊल उचलायचं नाही, घासत न्यायचं. आणि काहीही करायच्या आधी मोठ्याने बोलायचं. शाफ्टमध्ये आमचा एकच नियम असतो, आधी बोलायचं, मग हलायचं."

"परत की पुढे?" बायकोने विचारलं.

"पुढचं टोक जवळ आहे, मघाशी बघितलंय मी. पुढे."

"हात सरकवतेय," टकळी म्हणाली. "पाय घासतेय. बाबा, नाकाला खाज येतेय, खाजवू?"

"खांद्याला नाक घास."

"घासलं."

असं बोलत बोलत, आंधळ्यांची माळ जावी तसे ते गेले. त्याने पायाच्या चवड्याने पुढची वाट चाचपायची, बारीक दगड आत ढकलायचा, "इथे पायरी" म्हणून सांगायचं. मागून दोन आवाज तेच म्हणायचे. बायकोचा आवाज हळूहळू जाग्यावर आला. मग एका ठिकाणी त्याच्या हातातली साखळी संपली, आणि बुटाखाली दगडाऐवजी काहीतरी मऊ आलं. गवत. त्याने सगळ्यांना कड्यापासून चांगलं आत नेलं आणि मगच बसू दिलं.

बायको गवतावर पाय पसरून बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "तुला दिसेनासं झालं तेव्हा तुझे पाय सुटले," ती म्हणाली, "आणि मला दिसेनासं झालं तेव्हा माझे अडले. काय जोडी आहे!"

"आई रडतेय की हसतेय?" टकळीने विचारलं.

"दोन्ही," बाबा म्हणाला. "भूक लागली असेल. पाव काढ."

धुक्यात बसून त्यांनी अंडी सोलली. आपण डोंगराच्या टोकावर आहोत हे त्यांना आठवत होतं, एवढंच. समोर किती जागा आहे, समुद्र कुठल्या बाजूला आहे, काही कळायला मार्ग नव्हता. वारा पडला होता. लाटांचा आवाजही धुक्याने गिळून टाकला होता. अशी शांतता त्याने फक्त रात्रपाळीला ऐकली होती, सगळी इमारत झोपलेली असताना.

बायकोने अचानक हात वर केला. तिच्या बोटांत सोललेलं अंडं तसंच होतं.

"शू. ऐका."

"काय?" तो म्हणाला. त्याला काहीच ऐकू येत नव्हतं.

तिने मान किंचित तिरपी केली होती, डोळे मिटले होते. कामावर असताना ती अशी दिसते हे त्याला ठाऊक नव्हतं. "आता," ती म्हणाली. "आता येईल."

आणि आला.

खालून, दूरवरून, धुक्याच्या तळातून कुणीतरी श्वास सोडला. लांब, खोल, ओला श्वास. एखादा अवाढव्य माणूस झोपेत कूस बदलतो आणि सुस्कारा टाकतो, तसा. इतका मोठा की तो कानांनी ऐकला की छातीने, हे सांगता येऊ नये. त्याच्या मानेवरचे केस उभे राहिले.

"जहाज असेल," तो कुजबुजला. "एखादा व्हॉल्व्ह सुटला असेल."

तिने मान हलवली. "यंत्र नाही. यंत्र प्रत्येक वेळी सारखंच वाजतं. हे बघ, परत."

परत आला. आणि या वेळी त्याच्या लगेच मागे आणखी एक. छोटा, घाईघाईचा, फुसकन निघालेला.

"दोघं आहेत," ती म्हणाली. "एक मोठं आणि एक लहान. अरे, कोणीतरी झोपलंय खाली. आणि त्याच्या शेजारी त्याचं पोर."

गठुड्याने पाव चघळणं थांबवलं. गोल डोळे करून ते धुक्याकडे बघत राहिलं. मग त्याने तोंड उघडलं आणि स्वतःची पोटभर हवा बाहेर सोडली, "हाऽऽ." खालून उत्तर आल्यासारखा पुन्हा तो लांब श्वास आला.

"डोंगर श्वास घेतोय का?" टकळीने विचारलं. तिनेही आवाज इतका खाली आणला होता की आपल्याच मुलीचा आहे हे पटू नये.

ते चौघंही एकमेकांना चिकटून बसले होते, आणि काही न ठरवता त्यांचे श्वास त्या खालच्या श्वासाच्या लयीत जायला लागले होते. तो आला की आपला सोडायचा. मग वाट बघायची. मध्ये इतका वेळ जायचा की जीव कासावीस व्हावा. मग पुन्हा तो यायचा, आणि जगात सगळं ठीक आहे असं वाटायचं.

उजेड हळूहळू पिवळा होत गेला. मग वर कुठेतरी निळ्याचा एक तुकडा दिसला, आणि वारा उठला. धुकं आलं तसंच निघालं. आधी समोरची जमीन दिसली, मग जमिनीच्या टोकाला कधीकाळी कुणीतरी रचलेला कमरेएवढा दगडी कठडा. कठड्यापलीकडे नुसता लख्ख उजेड.

"तू थांब इथे," बायको त्याला म्हणाली. "मी बघून सांगते."

"नाही," तो म्हणाला. "मी येतो."

उभ्याने जाणं त्याला शक्यच नव्हतं. तो गुडघ्यांवर आला, मग पोटावर, आणि गवतातून सरपटत कठड्यापर्यंत गेला. टकळी त्याच्या शेजारून तशीच सरपटत आली, तिला हा खेळच वाटला. बायको गठुड्याला छातीशी धरून कठड्यामागे गुडघे टेकून बसली. घोरपडीने गुडघ्यांवर उठून दगडांवर हनुवटी ठेवली आणि खाली पाहिलं.

कड्याच्या पायथ्याशी एक आखात होतं, पाणी हिरवं आणि इतकं नितळ की तळाची वाळू दिसावी. धुक्याच्या शेवटच्या चिंध्या पाण्यावरून ओढल्या जात होत्या. आणि त्या हिरव्या पाण्यात, अगदी वरच्या पदरात, काहीतरी काळं पडून होतं. आधी त्याला खडक वाटला. मग त्या खडकाने श्वास सोडला. दोन फवारे एकमेकांपासून दूर झुकत वर उडाले, उन्हात क्षणभर चमकले आणि विरून गेले. आवाज मागाहून आला, पण आता त्याला त्याचा मालक होता.

"देवमासा," बायको म्हणाली.

घोरपडीला मापं घ्यायची सवय. बंदरातली सगळ्यात मोठी बोट शेजारी ठेवली असती तरी तिच्याहून या देवमाशाचं अंग लांब भरलं असतं. नुसतं डोकंच एवढं की त्याच्या दोन लिफ्ट त्यात सहज मावाव्यात. डोक्यावर पांढरे खडबडीत चट्टे, जुन्या बंदराच्या भिंतीवर असतात तसे. आणि एवढं सगळं वजन, जे कुठल्याही दोराने उचललं नसतं, ते पाण्यावर पिसासारखं ठेवलेलं होतं. नुसतं ठेवलेलं. त्या देहाला काही धरावंही लागत नव्हतं.

"ते बघ, ते बघ," टकळीने त्याचं मनगट दाबलं. "पिल्लू!"

पिल्लू आईच्या कुशीतून वर आलं. पिल्लू म्हणायचं एवढंच, आकाराने ते एखाद्या ट्रकएवढं होतं. ते तिच्या पाठीवर चढलं, पलीकडे घसरलं, पाण्यात गडप झालं, पुन्हा वर आलं, पुन्हा चढलं. आई ढिम्म. पुन्हा चढलं, पुन्हा घसरलं. शेवटी त्या बाईच्या झोपेचा पुरता विचका झाला असावा. ती सावकाश, एखादा डोंगर कुशीवर वळावा तशी उताणी झाली, तिचं पांढरे डाग असलेलं पोट उन्हात आलं, आणि वल्ह्यांसारखे दोन्ही रुंद पर वर करून तिने त्या व्रात्य कार्ट्याला पोटावर धरून ठेवलं. घट्ट नाही. नुसतं, आता पुरे, म्हणावं तसं.

बायकोने गठुड्याला जवळ ओढलं. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि या वेळी ती हसत नव्हती.

घोरपड खाली पाहत राहिला. उंची होती तिथेच होती; मघाची तीच खोली, तेच न संपणारं काही-नाही. भीतीही गेली नव्हती. पण ती आता इतकी लहान वाटत होती, की असली काय आणि नसली काय. एवढी मोकळी जागा का लागते ते त्याला दिसत होतं. तिला वळायला लागते. तिच्या श्वासाला लागते. इथे भिंती घातल्या असत्या तर हे कुठे मावलं असतं?

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग तिने पिल्लाला सोडलं, सरळ झाली, पाठीची कमान केली, आणि तिची शेपटी पाण्याबाहेर आली. वर आली, आणखी वर आली, दोन काळे पंख उघडावेत तशी आकाशात उभी राहिली, त्यांच्यावरून पाण्याचे पडदे गळत होते. आणि मग एकही शिंतोडा न उडवता आत गेली. पिल्लू गडबडीने मागोमाग.

पाण्यावर जिथे ती गेली तिथे एक गोल, गुळगुळीत चकती उमटली. आजूबाजूला लाटा हलत होत्या, पण त्या चकतीत पाणी आरशासारखं सपाट.

"तिचं पाऊल उमटलं," टकळी म्हणाली.

ते पाऊल बराच वेळ पुसलं गेलं नाही. ते पुसलं गेल्यावरही कोणी उठलं नाही. आता सगळा किनारा उघडला होता. डोंगरामागून डोंगर पाण्यात पाय बुडवून उभे होते, जवळचे हिरवे, मग निळे, मग नुसते धुरकट, आणि शेवटचा डोंगर की ढग हे ओळखू येऊ नये.

परतीला दुसरी वाट नव्हती. हे त्याला ठाऊक होतं आणि बायकोलाही, पण दोघांनीही तो विषय कपारीच्या तोंडाशी येईपर्यंत काढला नाही. तिथे तिने झोळी स्वतःच्या पाठीवर घेतली, पट्टे आवळले आणि टकळीला पुढे घेतलं. "बोलत राहा," एवढंच म्हणाली.

ऊन लख्ख होतं. सगळं दिसत होतं, अगदी तळाच्या दगडांपर्यंत.

"हात सरकवतोय," तो म्हणाला. "पाय घासतोय. गुडघे लटपटतायत."

"लटपटू देत," बायको म्हणाली.

"लटपटतायत. हात सरकवतोय. घाम आलाय. पाय घासतोय."

"माझ्या बुटात खडा गेलाय," टकळीने आपलीही खबर दिली.

कपारीच्या मध्यावर तो थांबला. बायको लगेच वळली. "काय झालं? धरू?"

"नको. बघतोय."

त्याने पाठ खडकाला टेकवली होती. साखळी दोन्ही हातांनी मागे धरली होती, बोटं पांढरी पडेपर्यंत. आणि तो समोर पाहत होता, डोळे मोठे करून, एखाद्या पोरासारखा. भीती होतीच, आणि तरी नजर काढून घ्यावीशी वाटत नव्हती. खाली तो पक्षी की त्याचा कुणी भाऊबंद, पंख न हलवता तरंगत होता. बायकोही त्याच्या शेजारी खडकाला टेकून उभी राहिली. मग तो म्हणाला, "हात सरकवतोय," आणि ते पुढे निघाले.

गवताच्या उतारावर येईपर्यंत गठुडं झोपून गेलं होतं. झुडपांजवळ त्यांना एक म्हातारं जोडपं भेटलं. दोघांच्या हातांत काठ्या, डोक्यावर एकसारख्या टोप्या, आजोबा पुढे आणि आजी दम खात मागे.

"अजून किती चढायचंय हो?" आजींनी विचारलं. "आणि एवढं करून वर बघण्यासारखं आहे का काही?"

घोरपडीने मागे वळून डोंगराकडे पाहिलं. टकळी त्याच्याकडे मान वर करून बघत होती, बायकोही.

"आहे," तो म्हणाला. "मध्ये एक कपार आहे. साखळी धरून जा. आणि टोकावर पोचलात की बोलू नका. जरा वेळ नुसते बसा."

"बरं," आजोबा म्हणाले, आणि काठी टेकत पुढे झाले.

आजी मात्र क्षणभर थांबल्या. त्यांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग बायकोकडे, मग टकळीकडे. "तुमची तोंडं बघूनच कळलं," त्या म्हणाल्या आणि नवऱ्याला हाक मारली, "अहो, थांबा! मला सोडून पुढे काय पळताय? दोघांनी मिळून बघायचंय ते."